न मोजलेले माप

मी एक जुनी लाकडी पायली आहे. भात मोजणे हे माझे काम. पण आज स्वतःविषयी सांगायला बसले, तर भाताच्या आधी एक पत्र आठवते. आटगावच्या निर्मलाताईने शहापूरला आपल्या थोरल्या भावाला, भगीरथदादाला, पाठवलेले निळे आंतरदेशीय पत्र. १९९९ सालची दिवाळी नुकतीच संपली होती. दादांनी ते खिडकीशी उभे राहून वाचले, पुन्हा एकदा वाचले, घडी घातली आणि "उद्या लिहितो," असे स्वतःशीच म्हणून माझ्या पोटात टाकले. तो उद्या काही लवकर आला नाही. पत्र माझ्याकडेच राहिले.

मित्रांनो, लाकडाच्या मापाला पत्र कसे वाचता येते, असे तुम्ही विचाराल. विचारलेच पाहिजे. भगीरथदादा शहापूरच्या एका वाचनालयात पुस्तकांची देवघेव पाहत. घरीही त्यांचे पुस्तकांचे कपाट होते आणि त्या कपाटावर माझी जागा होती. दादांना ओठ हलवत, पुटपुटत वाचायची सवय. त्यांच्याबरोबर मीही थोडेफार शिकले. पण मी जे सांगते ते नीट सांगते की नाही, याची मला खात्री नसते. माझा स्वभावच तसा आहे. मी माप असूनही मला स्वतःच्या मापाची कधी खात्री वाटली नाही. त्याचेही एक कारण आहे.

मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, दादांचे वडील देवजी यांची भातशेती होती. वरच्या अंगाला दोन खाचरे आणि खाली ओढ्याच्या काठाला एक मोठे खाचर. एका वर्षी देवजींनी बांधावरचे शिवणीचे झाड तोडले आणि त्याच्या बुंध्यातून सुताराने मला कोरून काढले. लोहाराने कडेला लोखंडी पट्ट्या ठोकल्या. मग गावातली जुनी पितळी पायली आणून तिच्यातले भात माझ्यात ओतले. ते मावले नाही. सुताराने आणखी थोडे कोरले. पुन्हा ओतले, तर काठाशी जागा उरली.

"जास्त झाली गड्या," सुतार ओशाळून म्हणाला. "दुसरी करून देतो."

"ऱ्हाऊ दे," देवजी म्हणाले. "देताना हात आखडण्यापेक्षा बरी."

ते हसत म्हणाले होते. मी मात्र ते मनात ठेवले. आपण चार शेरांपेक्षा किंचित मोठ्या आहोत, म्हणजे आपण खरे माप नव्हे, असे मला वाटत राहिले. पुढे सरकारने किलो आणले, व्यापाऱ्यांकडे तराजू आले, तरी आमच्या खळ्यावर मीच होते. गावात लग्न निघाले की तांदूळ मोजायला मला मागून नेत. परत देताना बायका हळदीचे बोट लावत. तेव्हा मला बरे वाटे. पण घरी आल्यावर पुन्हा तोच विचार.

खळ्यावर मोजणी कशी होते ते तुम्हाला ठाऊक आहे का? झोडलेल्या भाताची रास असते. मोजणारा गडी पायली भरतो, काठावर टोकदार शीग येऊ देतो आणि पोत्यात ओतताना आकडा पुकारतो. पण पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नसते. पहिले माप 'लाभ'. लाभ, मग दोन, मग तीन. सुरुवात शुभ व्हावी म्हणून ही रीत. बाकीच्या घरी ते लाभाचे मापही त्याच पोत्यात जाई. देवजींच्या खळ्यावर मात्र ते वेगळ्या पिशवीत जाई आणि मोजणी पुन्हा लाभापासून सुरू होई. ती पिशवी त्यांच्या मुलीची असे.

निर्मलाताई लग्न होऊन आटगावला गेली होती. मोजणीच्या दिवशी ती न चुकता येई. सोबत कापडाची पिशवी, तोंडाला नाडी शिवलेली.

"लाभ!" असे पुकारले जाई आणि देवजी म्हणत, "हा निर्मलाचा. आता मोजा."

"एवढंच का, बा?" ती मुद्दाम तोंड पाडून म्हणे. "दादाचं पोतं बघ केवढं फुगलंय. हरेशचं बघ. आणि माझी पिशवी बघ, नवरीच्या सामानातली सुपारीची पुडी जशी."

"अगो, त्यांचं मोजून हाय. तुझं न मोजता. न मोजलेल्याला अंत नसतो."

ती हसे. मीही मनात हसे. आपण जरा मोठ्या आहोत ते बरेच झाले, ताईला मूठभर जास्त जाते, असे वाटे. देवजींचे ते वाक्य तेव्हा मला फार सुंदर वाटले होते. आज तसे वाटते की नाही, ते मला सांगता येत नाही.

१९९० च्या सुमारास देवजींचे गुडघे धरले. भगीरथदादा शहापूरला, धाकटा हरेश वाशिंदच्या कारखान्यात. शेत कसायला घरात कोणी उरले नाही. तेव्हा देवजींनी जमीन अर्धेलीने द्यायची ठरवली. म्हणजे कसणाऱ्याने कसायचे आणि पिकाचे अर्धे-अर्धे करायचे. पहिल्या वर्षी ती घेतली डोंगरावरच्या ठाकूरवाडीतल्या लखमाने. तो आणि त्याची बायको जिवली. दोघांनी जंगलातून पाला आणून रोपांसाठी राब भाजला, खालच्या खाचराचा ओढ्याकडचा बांध दगड लावून उंच केला. त्या वर्षी रास अशी झाली की मला भरता भरता गड्याचे हात दुखले.

मोजणी संपल्यावर लखमा घाम पुसत म्हणाला, "काका, आता बांधाच्या मेरेवर दोन शेवग्याची झाडं लावतो. पुढल्या साली सावलीला होतील."

देवजींनी माझ्या काठावरून हात फिरवला. "पुढल्या साली नाय रे लखमा."

"का? आमचं काय चुकलं?"

"काय चुकलं नाय. तू चांगला कसतोस, त्याचीच भीती वाटते."

जिवलीने सूप खाली ठेवले. "घ्या! वाईट कसलं असतं तर काढलं असतं, चांगलं कसलं तरी काढतात. मग मानसानं कसावं तरी कसं, काका?"

 देवजींच्या चुलत्याची जमीन फार वर्षांपूर्वी कसणाऱ्याच्या नावावर झाली होती. कूळ लागणे म्हणतात त्याला. कायदा कसणाऱ्याच्या बाजूने होता, आणि ते योग्यच होते, असे भगीरथदादांच्या कपाटातली पुस्तके सांगतात. पण देवजींनी लहानपणी चुलत्याला बांधावर बसून रडताना पाहिले होते, आणि माणूस पुस्तकापेक्षा पाहिलेल्यावर चालतो. म्हणून त्यांनी नियम केला की एका माणसाच्या हाती सलग दोन वर्षे जमीन द्यायची नाही. एक साल लखमा, दुसऱ्या साली पाड्यावरचा कोणी, तिसऱ्या साली आणखी कोणी.

मित्रांनो, या नियमाने जमीन कोणाच्या नावावर गेली नाही हे खरे. पण ती कोणाचीच राहिली नाही. वर्षापुरता आलेला माणूस राब भाजे तो नावापुरता. बांधाचा दगड निखळला तर काट्या टाकून वेळ निभावी. त्यात त्याचा काय दोष? घर भाड्याचे असले की खिळा ठोकतानाही माणूस विचार करतो.

१९९६ च्या पावसाळ्यात देवजी गेले. त्या वर्षी मोजणीला दोघे भाऊ एकत्र खळ्यावर आले. हरेश सोबत हुकाचा लोखंडी काटा घेऊन आला होता.

"दादा, पायली-बियली सोड. एका पोत्यात किती किलो ते दिसतं, संपला विषय. मला चारच्या आत आसनगावला पोचायचंय, नायतर पुढची गाडी तासानं."

काट्याला पोते अडकवायचे, आकडा वाचायचा. काट्यावर लाभ नसतो. पहिले पोतेही पोतेच. मी खळ्याच्या कडेला आडवी पडून पाहत होते. निर्मलाताई आली होती, तिच्या मांडीवर ती नाडीची पिशवी होती. पोती भरली, तोंडे शिवली, एकेक बैलगाडीत चढले. हरेशच्या मनात काही वाईट नव्हते, त्याला ते आठवलेच नाही. ताईने पिशवीची चौकोनी घडी केली, ती खाली ठेवली आणि जमीन ओली होती म्हणून जणू, तिच्यावर बसून राहिली. भगीरथदादांनी ते पाहिले. मग त्यांनी डोंगराकडे पाहिले. ते बराच वेळ डोंगराकडेच पाहत राहिले.

जाताना त्यांनी मला उचलून पिशवीत घातले. "बाची आठवण," एवढेच म्हणाले.

अशी मी शहापूरला आले. देवजींची एक भीती होती आणि एक माया होती. मुलांनी भीती तेवढी पुढे चालवली, दरवर्षी कसणारा बदलत ठेवला. माया काट्याला अडकवता आली नाही.

शहापूरच्या घरात माझ्यात पेने राहिली, तुटका चष्मा राहिला, पुस्तकात खुणेला घालायच्या कागदाच्या पट्ट्या राहिल्या. दादांची बायको ठकूवहिनी रोज केर काढताना मला हलवत आणि बोलत.

"पायलीत पेनं ठेवताव. मग भात कुठं ठेवू, कपाटात? पुस्तकांच्या मधे?"

"असू दे गो," दादा म्हणत.

"तुमचं सगळं असू दे. एक दिवस मलाच म्हणाल असू दे."

वर्षे गेली. वाशिंदकडे नवी घरे उठू लागली, शनिवार-रविवारच्या गाड्या मुरबाडच्या रस्त्याने डोंगराकडे येऊ लागल्या. हरेशने मुंबईचे एक गिऱ्हाईक आणले. त्याला बंगल्यासाठी जमीन हवी होती, तिन्ही खाचरे एकदम, तुकडे नकोत. देवजींच्या मागे सातबाऱ्यावर तिघा भावंडांची नावे लागली होती. म्हणजे ताईचे नाव निघाल्याशिवाय व्यवहार होणार नव्हता. हरेश हक्कसोडीचा कागद घेऊन आटगावला गेला. बहिणीने हक्क सोडायचा, भावांनी तिला साडी-चोळी करायची, माहेर उघडे ठेवायचे, अशी आपल्याकडे रीत. पुष्कळ बहिणी सही करतात. ताईने कागद वाचला, हरेशला जेवू घातले, आणि सही केली नाही. दुसऱ्या दिवशी तिने थोरल्या भावाला ते पत्र लिहिले.

मला ते पाठ आहे. माझ्याच पोटात होते ना.

"दादा, सप्रेम नमस्कार. हरेश सही मागायला आला होता. तो रागावून गेला, त्याला राग येऊ नये असे मला वाटते. बा मला लाभाचं माप द्यायचा. मी खूष असायचे. पण ते कोणी मोजत नव्हतं, म्हणून ते बंद झालं तेव्हा कोणाला कमी पडल्यासारखंही वाटलं नाही. दादा, मला आता न मोजलेलं नको. माझा तिसरा वाटा मला जमिनीत दे. खालचं खाचर दे. मी ते लखमाला कसायला देणार आहे, दरवर्षी त्यालाच. मला त्याची भीती वाटत नाही. तुझं म्हणणं काय ते सांग. हो म्हण नाहीतर नाही म्हण. नाही म्हणालास तरी मी भाऊबिजेला येईन. पण उत्तर दे. तुझी, निर्मला."

पाहा, किती सोपे पत्र होते. पण दादांसारख्या माणसाला सोपेच अवघड जाते. हो म्हणावे तर हरेश दुखावेल. त्याला वाशिंदला खोली घ्यायची होती, मुलीचे शिक्षण होते. नाही म्हणावे तर ताई. शिवाय आपल्याला जे वाटते ते बरोबर आहे, हे ठरवणारे आपण कोण, असा दादांचा जन्माचा प्रश्न. ते कागद घेत, 'प्रिय निर्मला' लिहीत, आणि मग शब्द शोधत बसत. दुसऱ्या वाक्याला खोडत. तो कागद दुमडून माझ्यात टाकत. हळूहळू माझ्यात पेने मावेनाशी झाली, इतकी अर्धी उत्तरे साठली. एका कागदावर तर नुसतेच 'प्रिय' होते.

मला त्यांची दया येई आणि रागही येई. रागवायचा मला काय अधिकार, असेही वाटे.

पहिल्या भाऊबिजेला ताई आली. ओवाळले, जेवली, जाताना दाराशी थांबली. दादा पुस्तकाचे पान उलटत राहिले. ठकूवहिनी म्हणाल्या, "अवो, ताई निघाली." दादा म्हणाले, "हो, हो. सावकाश जा." पुढच्या भाऊबिजेला ती आली नाही. त्यानंतरही नाही. पाच-सहा मैलांवर आटगाव, पण ते अंतर काही कमी होईना.

हरेशही येईनासा झाला. आला तर एवढेच विचारी, "बोललास ताईशी?" आणि दादा म्हणत, "लिहितो." गिऱ्हाईक मात्र टिकून होते, दरवर्षी फोन करी.

आणि जमीन? ती माझ्या डोळ्यांआड होती. पण दिवाळीनंतर घरी येणारे पोते मी पाहत होते. आधी दोन येत. मग दीड. मग एक, तेही तोंडाशी सैल.

२००५ साली कसणाऱ्यांची फेरी फिरून पुन्हा लखमावर आली. मोजणीच्या आदल्या दिवशी हरेशचा फोन आला की काट्याची स्प्रिंग गेली, दुसरा बघायला टाइम नाय. ठकूवहिनींनी कपाटावरून मला खाली काढले. माझ्यातली पेने, पट्ट्या, अर्धी उत्तरे त्यांनी मेजावर ओतली. सगळ्यांत खालून निळे पत्र निघाले. वहिनींनी ते हातात धरले, वाचले नाही. त्यांना त्यातले सगळे माहीत होते. त्यांनी ते दादांच्या सदऱ्याच्या खिशात सरकवले.

"माप घेऊन चाललाव तर हेही घेऊन जा. घरात ठेवून आता बुरशी येईल."

 या वेळी दादा असू दे म्हणाले नाहीत.

इतक्या वर्षांनी मी खळ्यावर गेले. रास पाहिली आणि वाटले, ही एवढीच? वरच्या खाचरांत पीक बरे होते. खालच्या खाचरात ओढा शिरला होता. लखमाने पूर्वी दगड लावलेला बांध कुठेच नव्हता, त्या जागी सुकलेल्या काट्या होत्या.

"बांध का नाय घातलास?" हरेशने विचारले.

लखमा विडी विझवत म्हणाला, "पुढल्या साली मी हाय का इथं?"

जिवली आता पिकल्या केसांची झाली होती, पण जीभ तशीच होती. ती रास सावरत म्हणाली, "दरसाल नवा नवरा करता ह्या जमिनीला. मग तिला पाटल्या कोन घालील? जो येतो तो म्हनतो, जाताना काय नेऊ!"

हरेशला हसू आले. दादा हसले नाहीत. त्यांनी त्या काट्यांकडे पाहिले, आणि या वेळी डोंगराकडे पाहिले नाही.

मोजणी सुरू झाली. लखमाने मला राशीत बुडवले, शीग लावली आणि पुकारले, "लाभ!" मग माझ्यासकट हात तसाच अधांतरी धरून त्याने विचारले, "हा निर्मलाताईचा ना? पिशवी कुठंय?"

 पिशवी नव्हती. पिशवीवाली नव्हती.

"ओत रे त्यातच," हरेश जरा खालच्या आवाजात म्हणाला. "ताई कुठं येते आता."

"ओतू नको," दादा म्हणाले.

त्यांचा आवाज इतका बारीक होता की लखमाने "काय?" म्हणून विचारले. दादांनी घसा साफ केला. "ओतू नको. ते माप राशीत परत टाक. लाभ म्हणायचा नाही. एकपासून मोज. तुझं अर्धं तुला, आणि आमच्या अर्ध्याचे तीन वाटे कर. सारखे. मोजून."

"अगो बय!" जिवली उठून उभी राहिली. "लाभ केल्याबिगर रास मोजतात का कुठं? लक्षुमी रुसंल."

"मग ते पहिलं माप तुझ्या पदरात घे," दादा तिला म्हणाले. आपण काहीतरी चांगले बोललो असे त्यांना वाटले असावे.

जिवलीने पदर आवळून धरला. "मला नको. माझा पन मोजूनच दे, दादा. न मोजता दिलेलं तुमी इसरता आनि आमी बोलू शकत नाय."

लखमा खो खो हसला. "हिला देऊन बघ! ही देवाकडनं पन पावती मागंल." हसता हसता त्यानेच तोड काढली. लाभाचे माप खळ्याबाहेर गवतावर पसरून टाकले, चिमण्यांना. "हे पाखरांचं. त्यांना आकडे येत नाय." मग मला पुन्हा भरले आणि पुकारले, "एक!"

मित्रांनो, इतकी वर्षे मी मोजत आले, पण माझ्या पहिल्या मापाला कोणी एक म्हटले नव्हते. ते ऐकून मला आनंद झाला की भीती वाटली, ते नीट सांगता येत नाही. मला देवजी आठवले. त्यांचे ते वाक्य आठवले, न मोजलेल्याला अंत नसतो. मला वाटले, अंत तर झाला की. आणि झाला तेव्हा कळलाही नाही. प्रेमाने दिलेले हिशोबात धरू नये म्हणतात. पण हिशोबात नसलेले माणूस हळूहळू घरातूनही वजा होते. मी त्या लाभाच्या मापाचा फार अभिमान बाळगला होता.

तीन वाटे झाले. तीन बुटकी पोती ओळीने उभी राहिली. हरेश मधल्या पोत्याकडे बघत होता.

"दादा, आज भात. उद्या ताई जमीन मागेल."

"मागितलीच आहे. सहा वर्षं झाली."

"मग गिऱ्हाइकाला काय सांगू मी? त्याला तिन्ही पाहिजेत."

"तुझा वाटा तू वीक. वरचं एक खाचर तुझं. मी अडवणार नाही."

"आणि तुझं?"

"माझं लखमा कसेल. पुढच्या सालीही."

हरेश चिडला. "बाच्या चुलत्याचं काय झालं ते विसरलास? कूळ लागलं म्हणजे बसशील बांधावर रडत. तुला भीती नाय वाटत?"

"वाटते," दादा म्हणाले. "खूप वाटते." आणि ते पोत्याचे तोंड शिवायला बसले. त्यांना नीट शिवता येत नव्हते. हरेशने थोडा वेळ पाहिले आणि सुई हातातून काढून घेतली. "सोड. सगळं भात रस्त्यात सांडेल."

 जाताना लखमाने ओढ्याकडचा एक निखळलेला दगड पायाने ढकलून पुन्हा बांधाच्या रेषेत आणून ठेवला. एकच दगड.

पोती टेम्पोत घालून दोघे भाऊ मुरबाडला आले. टेम्पो डिझेल भरायला थांबला तेव्हा दादा मला काखेत घेऊन उतरले आणि समोरच्या पोस्टात गेले. एक आंतरदेशीय पत्र घेऊन ते एसटी स्टँडच्या बाकावर बसले. मला पालथे करून मांडीवर ठेवले आणि माझ्या बुडावर कागद पसरला.

"हे काय?" हरेश मागून आला. "घरी जाऊन लिही ना निवांत."

"घरी गेलो की लिहिणार नाही."

"मग आटगावला जा ना सरळ. पोतं पण दे नि तोंडानं सांग. पत्र कशाला?"

"तोंडानं मी काहीतरी भलतंच बोलेन. पिकाचं बोलेन, पावसाचं बोलेन, आणि परत येईन."

 हरेश बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

दादा लिहू लागले. पेनाचे टोक माझ्या लाकडावर टेकत होते, त्यामुळे एकेक अक्षर मला जाणवत होते. या वेळी खोडाखोड नव्हती. "प्रिय निर्मला, तुझ्या पत्राचे उत्तर हो आहे. खालचे खाचर तुझे. सही करू नको. आजचे भात तीन वाट्यांत मोजले, तुझे पोते शहापूरला ठेवतो, ते न्यायला ये. ओढ्याकडचा बांध फुटला आहे, लखमाशी तू बोल. उशीर झाला." मग ते थांबले. उशीर का झाला, याची कारणे त्यांच्याकडे सहा वर्षांची साठलेली होती. मला वाटले, आता ती सुरू होतील आणि कागद माझ्यात येईल. पण त्यांनी खाली 'दादा' एवढेच लिहिले.

"माझं नाव नको टाकू," हरेश रस्त्याकडे बघत म्हणाला. "माझं अजून ठरलं नाय काय."

"नाही टाकत."

एक गाडी धुरळा उडवत स्टँडात शिरली, थांबली, निघून गेली.

"नमस्कार टाक," हरेश म्हणाला. "नुसता नमस्कार."

दादांनी तो टाकला.

मित्रांनो, मी आता फार दिवसांची राहिलेली नाही. माझ्या बुडाशी भुंगा लागला आहे, एक पट्टी सैल झाली आहे. माझ्यासारखी जुनी मापे तुमच्या घरात असतील तर त्यांना ऊन दाखवा, तेलाचा हात फिरवा, एवढे मी मागितले तर चालेल ना? आणि घरात कोणाच्या वाट्याला तुम्ही मायेने काही देत असाल, तर द्याच. पण त्याचे नाव घेऊन, मोजूनही द्या. आणि कोणी तुम्हाला हो की नाही विचारले, तर फार सुंदर उत्तर शोधत बसू नका. माझ्यात साठलेल्या कागदांतला एकही कुरूप नव्हता, तरी त्यांतला एकही आटगावला पोचला नाही. हे मी सांगावे की नाही, मला कळत नाही. पण सांगितले.

दादांनी पत्राच्या कडांना जीभ लावली, घडी दाबली, पत्ता लिहिला. मग उठले. पोस्टाच्या भिंतीवरची लाल पेटी दहा-पंधरा पावलांवर होती. तेवढ्यातही ते एकदा थांबले, पत्र उलटून पाहिले.

"दादा," हरेश म्हणाला, "दे ती पायली माझ्याकडे. दोन्ही हात मोकळे ठेव."

त्याने मला छातीशी धरले. दादा पेटीपाशी गेले. त्यांनी पत्र फटीत घातले, थोडा वेळ बोटांत धरून ठेवले, आणि सोडले.